आर.बी.आय. बेसबॉल: क्रिकेटवर पोसलेल्या हातांसाठी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, त्यांच्या पिवळ्या कॅसेटमधल्या लांबलचक यादीत मारिओ आणि कॉन्ट्राच्या खाली कुठेतरी ‘बेसबॉल’ असायचं. बहुतेकांनी ते एकदा उघडलं, तीन वेळा बॅट फिरवली, आउट झाले आणि परत मारिओकडे वळले. तो होता निन्टेन्डोचा १९८३ सालचा गेम. त्यात फील्डर आपले आपण पळायचे, खेळाडूंना नावं नव्हती आणि संघ नुसत्या आद्याक्षरावरून निवडायचा. गेम वाईट नव्हता. पण बेसबॉलची गंमत पहिल्यांदा कळायची असेल, तर मी त्याच्या पुढच्या पिढीतल्या एका गेमची शिफारस करीन: आर.बी.आय. बेसबॉल.

हा मूळचा जपानी. नाम्को कंपनीने डिसेंबर १९८६ मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलवर ‘प्रो याक्यू फॅमिली स्टेडियम’ आणला. जपानमध्ये तो ‘फामिस्ता’ या लाडक्या नावाने ओळखला जातो. त्याचंच अमेरिकी रूप टेंजेन या कंपनीने १९८८ मध्ये एन.ई.एस. या निन्टेन्डोच्या अमेरिकी कन्सोलवर काढलं. आर.बी.आय. म्हणजे ‘रन्स बॅटेड इन’, बॅटरने आपल्या फटक्यावर घरी आणलेल्या रनांची संख्या. खेळाडू गुबगुबीत, बुटके, लाडवासारखे गोल. मैदान एकच. बटणं दोन. आणि तरीही अमेरिकेत आजही लोक या गेमच्या स्पर्धा भरवतात, नव्या हंगामाचे खेळाडू भरून त्याच्या सुधारित प्रती तयार करतात. त्याला कारण आहे, पुढे येईलच.

आधी कॅसेटबद्दल

जुनी कॅसेट विकत घ्यायला गेलात तर हा गेम दोन रंगांत दिसेल, राखाडी आणि काळा. टेंजेन ही अटारी गेम्सची कंपनी. सुरुवातीला तिने निन्टेन्डोचा परवाना घेऊन गेम काढले, ते राखाडी कॅसेटमध्ये. मग अटी जाचक वाटल्या म्हणून निन्टेन्डोच्या कन्सोलमधलं कुलूप चुकवणारी स्वतःची चिप बनवली आणि त्याच गेमच्या काळ्या कॅसेट परवान्याशिवाय विकल्या. प्रकरण कोर्टात गेलं, टेंजेन हरली. आपल्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं की दोन्ही कॅसेटमधला गेम एकच आहे. रंगासाठी जास्त पैसे मोजू नका.

१९९० चा दुसरा भाग आणि १९९१ चा तिसरा भाग यांत संघ जास्त आहेत, पण नवख्याने पहिल्यापासूनच सुरुवात करावी. २०१४ पासून पुढची काही वर्षं याच नावाने आलेले आधुनिक कन्सोलवरचे गेम मात्र वेगळे. नाव पाहून फसू नका.

एक तांत्रिक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही आणि लोक स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. हे गेम जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनलेले. आजच्या सपाट टीव्हीवर बटण दाबल्यापासून पडद्यावर बॅट फिरेपर्यंत बारीकसा उशीर होतो. बेसबॉलमध्ये तेवढा उशीर म्हणजे सरळ स्ट्राइक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करा. फरक लगेच जाणवेल.

क्रिकेटमधलं काय विसरायचं

नियम अगदी गरजेपुरते. दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलते, अशा नऊ इनिंग. मैदानाच्या एका कोपऱ्यात होम प्लेट, बॅटर उभा राहतो ती जागा. तिथून उजवीकडे पहिला बेस, समोर दूरवर दुसरा, डावीकडे तिसरा. तिन्ही बेसना स्पर्श करून परत होमला आलात की एक रन. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या बाहेर गेलेला फटका फाउल. म्हणजे विकेटच्या मागे चोरटा कट मारून चौकार हा प्रकार इथे नाही.

पिचरने, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाने, टाकलेला चेंडू प्लेटवरून, बॅटरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात गेला आणि तुम्ही मारला नाहीत, तर स्ट्राइक. मारायला गेलात आणि हुकला, तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइकला आउट. चेंडू पट्ट्याबाहेर गेला आणि तुम्ही सोडून दिलात तर ‘बॉल’. चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. फाउल फटका स्ट्राइक धरला जातो, पण दोन स्ट्राइक झाल्यावर कितीही फाउल मारा, आकडा दोनच राहतो. झेल गेला तर आउट, फाउल भागातला झेलसुद्धा.

आपला गोंधळ इथे नियमांमुळे होत नाही, सवयीमुळे होतो. क्रिकेटमध्ये आउट होणं म्हणजे डाव संपणं, म्हणून आपण विकेट जपतो. बेसबॉलमध्ये आउट होणं हा रोजचा व्यवहार. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर तिथे उत्तम समजला जातो. त्यामुळे एकदा आउट झालात म्हणून हळहळत बसू नका, तुमचा नंबर परत येणार आहे. दुसरी सवय याच्या उलट दिशेची: चेंडू आला की बॅट लावायचीच. मर्यादित षटकांच्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला चेंडू सोडणं जिवावर येतं. इथे सोडलेला चेंडू वाया जात नाही, तो तुमच्या खात्यात जमा होतो.

आणि तिसरी गोष्ट: चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पळावंच लागतं. ‘नको, थांब’ म्हणायची सोय नाही.

दिशेची कळ म्हणजेच मैदान

कंट्रोलरवर डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराची दिशेची कळ, उजवीकडे बी आणि ए ही दोन बटणं. गेमची अर्धी किल्ली या कळीत आहे. तिची चार टोकं म्हणजेच चार बेस:

उजवीकडे – पहिला बेस
वर – दुसरा बेस
डावीकडे – तिसरा बेस
खाली – होम प्लेट

पडद्यावर मैदान जसं दिसतं, तसंच अंगठ्याखाली. पळायचं असो की चेंडू फेकायचा असो, दिशा याच नकाशाने द्यायची. खेळायला बसण्याआधी कंट्रोलर हातात घेऊन नुसतं ‘उजवा, वर, डावा, खाली’ असं अंगठ्याने फिरवत राहा. वेडेपणा वाटेल, पण चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरच्या) हातात आणि दोन रनर, म्हणजे बेसवर पोचलेले बॅटर, धावताहेत, अशा वेळी डोकं चालत नाही, अंगठाच चालतो. निन्टेन्डोच्या त्या जुन्या पिवळ्या कॅसेटवाल्या बेसबॉलमध्येही फेकीच्या दिशा अशाच होत्या, त्यामुळे ज्यांनी तो खेळला असेल त्यांना अर्धं काम आधीच येतं.

बटणांची वाटणी अशी. बॅटिंग करताना ए म्हणजे बॅट फिरवणं. रनर पळवताना बी आणि बेसची दिशा म्हणजे ‘पुढे जा’, ए आणि बेसची दिशा म्हणजे ‘परत ये’. पिचरला ए म्हणजे चेंडू टाकणं. फील्डिंगमध्ये ए आणि दिशा म्हणजे त्या बेसवर फेकणं, बी आणि दिशा म्हणजे चेंडू हातात घेऊन त्या बेसकडे स्वतः धावणं. ए हे मारण्याचं, फेकण्याचं आणि रनरला मागे बोलावण्याचं बटण आहे. पहिले काही दिवस याची सरमिसळ होतेच.

बॅटिंग: आधी पाय, मग बॅट

पहिल्या सामन्यातली पहिली इनिंग ए बटणाला हात न लावता खेळा. नुसतं बघा. चेंडू पिचरच्या हातून कुठून सुटतो, कधी वळतो, प्लेटवरून कुठे जातो. तीन आउट जातील, जाऊ द्या. डोळ्याला वेग कळल्याशिवाय मारलेला फटका निव्वळ नशिबाचा असतो.

नवखे एकाच जागी उभे राहून बॅट फिरवत राहतात, हा सगळ्यात मोठा घोळ. बॅटर आपल्या चौकटीत दिशेच्या कळीने हलतो. प्लेटच्या जवळ, प्लेटपासून लांब, पुढे, मागे. बॅटचा मधला भाग चेंडूवर आणायचा तर बॅट हलवता येत नाही, माणूस हलवावा लागतो. फार जवळ उभे राहिलात तर चेंडू मुठीजवळ लागतो आणि पिचरच्या पायाशी गडगडत जातो. फार लांब राहिलात तर टोकाला लागतो किंवा हुकतो. चेंडू हवेत असतानाही अर्धं पाऊल सरकता येतं, आणि खरी बॅटिंग तिथेच असते.

फटक्याची दिशा वेळेवर ठरते. उजव्या हाताचा बॅटर लवकर फिरला तर चेंडू डावीकडे जातो, उशिरा फिरला तर उजवीकडे. डावखुऱ्याचं उलट.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बॉस्टन घेतलंय, बॅटिंगला वेड बॉग्ज. डावखुरा, त्यामुळे पडद्यावर प्लेटच्या उजव्या बाजूला उभा. समोर न्यू यॉर्कचा ड्वाइट गुडन. दोन बॉल, एक स्ट्राइक. चेंडू मधल्या रेषेत सुटतो आणि निम्म्या वाटेवर डावीकडे, म्हणजे बॉग्जपासून दूर सरकायला लागतो. पहिल्या सामन्यातला खेळाडू इथे घाई करतो, बॅट फिरते आणि चेंडू टोकाला लागून पहिल्या बेसकडे गडगडतो. त्याऐवजी एक छोटं पाऊल डावीकडे, प्लेटजवळ, आणि एक क्षण उशिरा ए. चेंडू तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून डाव्या मैदानात पडतो. खरा बॉग्ज बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूच्या उंच भिंतीवर असेच फटके मारण्यासाठी नावाजलेला होता, म्हणून हा फटका त्याच्या हातून बसला की जरा जास्तच बरं वाटतं.

ए हलकेच टिचकी मारून सोडलं की बॅट पूर्ण फिरत नाही, मध्येच थांबते. हा झाला बंट: चेंडू नुसता अडवून समोर टाकायचा. पायात वेग असलेला बॅटर असेल तर बंटवर पहिला बेस गाठता येतो. जाड्या होमरन-बहाद्दराला (होमरन म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे, आपल्या षटकारासारखा) बंट करायला लावू नका, तो पोचणार नाही.

बॅटर आला की त्याची सरासरी आणि होमरन पडद्यावर दिसतात. ते आकडे शोभेचे नाहीत. ज्याचे होमरन जास्त त्याचा बरा लागलेला चेंडूही भिंतीपर्यंत जातो. ज्याचे दोन-चारच, त्याला हवेत मारायला लावणं म्हणजे झेल देणं. अशा खेळाडूने चेंडू जमिनीलगत, दोन फील्डरांच्या मधून काढायचा.

पिचिंग: चेंडू सुटला तरी तुमचाच

हा गेम लोक अजून का खेळतात, याचं माझ्या मते उत्तर इथे आहे. क्रिकेटच्या बहुतेक गेममध्ये चेंडू हातातून सुटला की गोलंदाजाचं काम संपतं. आर.बी.आय.मध्ये चेंडू हवेत असेपर्यंत तो तुमच्या अंगठ्याखाली असतो.

क्रम असा. आधी पिचरला डावी-उजवी कळ दाबून थोडं बाजूला सरकवा. मग ए. नुसतं ए म्हणजे मध्यम वेग. खालची कळ धरून ए म्हणजे वेगवान. वरची कळ धरून ए म्हणजे मंद, जो प्लेटजवळ येता येता खाली बसू शकतो. चेंडू निघाल्यावर डावी किंवा उजवी कळ दाबली की तो त्या बाजूला वळतो. थोडी दाबली तर थोडा, धरून ठेवली तर जास्त. किती वळणार हे पिचरवर अवलंबून. कुणाचा चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा सरळ, कुणाचा सापासारखा.

सुरुवातीला सगळे एकच चूक करतात: सारखा वेगवान चेंडू. समोरच्या माणसाला वेगाची सवय दोन-तीन चेंडूंत होते आणि मग तो तुम्हाला स्टँडमध्ये फेकतो. वेग ही धमकी म्हणून वापरायची. वेगवान चेंडू दाखवायचा आणि आउट मंद चेंडूवर काढायचा. तो बॅट आधीच फिरवून मोकळा झालेला असतो आणि चेंडू आरामात येत असतो. समोर मित्र बसलेला असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वळणाचा उपयोगही तसाच. चेंडू पट्ट्याबाहेरून सुरू करून आत आणा, किंवा आतून सुरू करून बाहेर न्या. पहिल्या प्रकारात बॅटर सोडून देतो आणि स्ट्राइक मिळतो. दुसऱ्यात तो मारायला जातो आणि हुकतो. दोन्ही आलटून-पालटून टाकलेत की त्याला काय सोडायचं आणि काय मारायचं हेच कळेनासं होतं. सूत्र म्हणून एवढं धरा: पहिला चेंडू स्ट्राइक टाका. बॉलची संख्या वाढली की पिचर कोंडीत सापडतो, त्याला मधोमध टाकावंच लागतं आणि बॅटरला ते माहीत असतं. दोन स्ट्राइक, शून्य बॉल असताना मात्र चांगला चेंडू टाकू नका. तीन चेंडू वाया घालवायची मुभा आहे, ती वापरा. बॅटरच्या अंगाजवळ टाकताना जपून. चेंडू त्याला लागला तर पहिला बेस बक्षीस.

पिचर थकतो. हे पडद्यावर कुठे लिहून येत नाही, चेंडूवरून ओळखायचं. वेग मंदावतो, वळण बोथट होतं, जो चेंडू मघापर्यंत प्लेटबाहेर जात होता तो मधोमध येऊन बसतो. असे दोन चेंडू पाहिलेत की तिसऱ्याची वाट पाहू नका. स्टार्ट दाबून टाइम घ्या आणि पिचर बदला. प्रत्येक संघात पिचर चारच, दोन सुरुवात करणारे आणि दोन नंतर येणारे, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या इनिंगला उधळपट्टी नको. यातही एक डाव आहे. पिचरलाही बॅटिंग करावी लागते आणि तो बहुधा सोपा आउट असतो. थकलेला पिचर बदलायचाच असेल, तर त्याची बॅटिंगची पाळी येईपर्यंत ओढता आलं तर ओढा. मग त्याच्या जागी राखीव बॅटर पाठवा आणि पुढच्या इनिंगला नवा पिचर आणा. एका दगडात दोन पक्षी.

फील्डिंग: सगळे एकदम पळतात

चेंडू मारला गेला की दृश्य बदलतं आणि दिशेची कळ आता फील्डरांची होते. एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही एकाच फील्डरला हलवत नाही. कळ डावीकडे दाबलीत की सगळेच डावीकडे पळतात. सुरुवातीला गंमत वाटते, मग अडचण होते. लेफ्ट फील्डरला चेंडूकडे नेताना सेंटर फील्डर भलतीकडे निघून गेलेला असतो. म्हणून चेंडू कोण पकडणार हे पहिल्या क्षणी ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच्याच डोळ्यांनी बघा. मध्ये विचार बदललात की दोघंही चुकतात.

उंच चेंडूखाली जाताना चेंडूकडे न बघता त्याच्या सावलीकडे बघा. चेंडू डोक्यावरून गेला तर मागे धावत सुटण्यापेक्षा भिंतीवरून आपटून तो कुठे येईल तिथे जा. डाइव्ह नाही, उडी नाही. फक्त जागा.

फेकीत सगळ्यात आधी शिकायची ती दुहेरी, म्हणजे एकाच फटक्यावर दोन आउट. पहिल्या बेसवर रनर आहे, एकही आउट नाही, चेंडू शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून आला. पहिल्या बेसवरच्या रनरला मागून येणाऱ्या बॅटरसाठी जागा सोडावीच लागते, त्यामुळे त्याला हात लावायचीही गरज नाही, तो पोचायच्या आत दुसऱ्या बेसवर चेंडू पोचला की तो आउट. म्हणजे वर आणि ए. चेंडू दुसऱ्या बेसवरच्या हातात पडला की लगेच उजवीकडे आणि ए. बॅटर पहिल्या बेसच्या एक पाऊल अलीकडे असतो. दोन आउट. नवखा इथे सवयीने आधी पहिल्या बेसवर फेकतो आणि एकावर समाधान मानतो. मागून ढकलणारा कुणी नसेल तर मात्र रनरला चेंडूने स्पर्श करावा लागतो. हा फरक डोक्यात बसला की फील्डिंग निम्मी आली.

पळणं

बॅटर फटक्यानंतर पहिल्या बेसकडे आपला आपण पळतो. तिथून पुढे काय हे तुम्ही ठरवायचं. दुसऱ्या बेसकडे जायचं तर वर आणि बी. चेंडू अजून फील्डरच्या हातात नसेल तर जा, आला असेल तर उगाच हुशारी नको.

उंच फटक्यावर नवखे हमखास रनर घालवतात. झेल पकडला गेला तर रनरने मूळ बेसवर परत यावं लागतं, आणि तोवर चेंडू तिथे पोचला तर तोही आउट. म्हणून चेंडू हवेत दिसला की आधी ए आणि मूळ बेसची दिशा, रनर घरी. याचीच दुसरी बाजू: तिसऱ्या बेसवर रनर आहे, दोनपेक्षा कमी आउट आहेत आणि फटका दूर मैदानात उंच गेलाय. रनरला बेसवर चिकटवून ठेवा. झेल घेतला त्याच क्षणी खाली आणि बी. बॅटर आउट झाला, पण रन आला. चांगला सौदा.

बेस चोरणं म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे धूम ठोकणं. यासाठी सेंट लुईस संघ घ्या आणि व्हिन्स कोलमनला पहिल्या बेसवर पोचवा. कसाही, बंटवर पोचला तरी चालेल. खऱ्या मैदानावर कोलमनने १९८५ मध्ये ११०, १९८६ मध्ये १०७ आणि १९८७ मध्ये १०९ बेस चोरले होते. गेममध्येही तो तसाच सुसाट. पिचर हलला की वर आणि बी. कॅचरने, म्हणजे होम प्लेटमागच्या फील्डरने, अचूक फेक केली तरी अनेकदा कोलमन आधी. तिसरा बेस चोरताना मात्र विचार करा. होमपासून दुसरा बेस सुमारे १२७ फूट लांब असतो, तिसरा फक्त ९० फूट. कॅचरची फेक तेवढी छोटी होते.

तुम्ही पिचिंग करत असाल आणि समोर असा रनर असेल, तर बी आणि बेसची दिशा दाबून आधी त्या बेसवर फेका. आउट नाही झाला तरी त्याचे पाय जरा बेसजवळ राहतात.

संघ कोणता

आठ शहरं आणि दोन ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचे, संघ. शहरांना टोपणनावं नाहीत, कारण परवाना खेळाडूंच्या संघटनेचा होता, लीगचा नव्हता. म्हणून खेळाडूंची नावं खरी, पण ‘यँकीज’, ‘कार्डिनल्स’ असले शब्द कुठेच नाहीत. बॉस्टन, न्यू यॉर्क, ह्यूस्टन आणि कॅलिफोर्निया हे १९८६ च्या हंगामात आपापल्या गटात पहिले आलेले. डेट्रॉइट, मिनेसोटा, सेंट लुईस आणि सॅन फ्रान्सिस्को १९८७ चे. न्यू यॉर्क म्हणजे इथे मेट्स, यँकीज नव्हे.

पहिल्यांदा खेळताना बॉस्टन घ्या. बॅटिंग भरवशाची आणि पिचिंगला रॉजर क्लेमेन्स, ज्याने २९ एप्रिल १९८६ ला एकाच सामन्यात २० जणांना स्ट्राइकआउट केलं होतं. पिचिंगचीच मजा घ्यायची असेल तर ह्यूस्टन: नोलन रायन आणि माइक स्कॉट एकाच संघात. यांची बॅटिंग मात्र तुम्हाला घाम फोडील. मिनेसोटाकडे कर्बी पकेट आणि दणकट फटके. सेंट लुईस हा पळणाऱ्यांचा संघ, होमरनची वाट बघणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ऑल-स्टार संघ शिकताना घेऊ नका. सगळेच चांगले असले की कुठली चूक कुणाची हे कळत नाही.

बॉस्टन विरुद्ध न्यू यॉर्क हा सामना एकदा तरी लावा. २५ ऑक्टोबर १९८६ ला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात दहाव्या इनिंगला साधा गडगडता चेंडू बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि न्यू यॉर्कने सामना ६–५ असा जिंकला. दोन्ही संघ या गेममध्ये जवळजवळ जसेच्या तसे आहेत, बकनरसकट. एका चाहत्याने २००६ मध्ये ती पूर्ण इनिंग याच गेममध्ये चेंडूगणिक पुन्हा उभी केली आणि तिला मूळ समालोचनाचा आवाज जोडला. तेवढं जमवायला त्याला पिचिंगपासून फाउलपर्यंत सगळं हवं तसं घडवून आणावं लागलं, यावरून या दोन बटणांत किती मावतं ते समजा.

दोघांनी खेळताना

कॉम्प्युटरशी काही सामने खेळून हात बसला की माणसाशी खेळा. कॉम्प्युटरच्या सवयी ठरलेल्या असतात, माणूस तुमच्या सवयी ओळखतो. तुम्ही दर वेळी पहिला चेंडू वेगवान टाकता हे त्याला तिसऱ्या इनिंगपर्यंत कळलेलं असतं. शेजारी बसून खेळताना एक पथ्य: एकमेकांच्या कंट्रोलरकडे बघायचं नाही. अंगठा खालच्या कळीवर दिसला की वेगवान चेंडू येणार हे उघडच आहे.

दहा रनांची आघाडी झाली की गेम सामना तिथेच संपवतो. नवखा माणूस जाणत्याशी खेळला तर हे दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगलाही होऊ शकतं. अशा वेळी जाणत्याने ह्यूस्टन घ्यावं आणि नवख्याला हवा तो संघ द्यावा. तरीही फार एकतर्फी होत असेल तर जाणत्याने वळण वापरायचं नाही, फक्त वेग बदलायचा, एवढी अट घाला. सामना साधारण अर्ध्या तासाचा होईल.